पोरगं ऐकत नाही म्हणून दगडांनी मारायचं? तोरातला एक भयंकर कायदा आणि रब्बींनी त्याचं काय केलं

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फोटो फिरतो. काळ्या बॅकग्राउंडवर पिवळी अक्षरं, बायबलमध्ये लिहिलंय म्हणे की आईबापाचं न ऐकणाऱ्या पोराला गावाने दगडांनी ठार मारावं. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या. कोणी म्हणतं बघा किती रानटी, कोणी म्हणतं आमच्या बंड्याला दाखवतो आता हे, आणि एक काका दरवेळी लिहितात की असं कुठे काही नसतं, हे सगळं खोटं आहे.

काका, खोटं नाहीये, लिहिलेलं आहे. पण ज्यांचा हा ग्रंथ आहे त्या ज्यू लोकांच्या पंडितांनी अठराशे वर्षांपूर्वी या चार ओळींना कसं वाचलं हे त्या फोटोत कधीच नसतं, आणि खरी मजा तिथेच आहे. म्हणून म्हटलं एकदा बसून नीट लिहूनच काढावं.

मूळ ओळी काय आहेत

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. ख्रिश्चनांचं बायबल सुरू होतं ते याच पाच पुस्तकांनी, म्हणून आपल्याकडे लोक सरसकट बायबल म्हणतात. त्यातलं पाचवं पुस्तक, मराठीत अनुवाद म्हणतात ते, त्याच्या 21व्या अध्यायात 18 ते 21 अशा चारच ओळी आहेत. एखाद्याचा मुलगा हट्टी आणि बंडखोर आहे, बापाच्या आवाजाला आणि आईच्या आवाजाला जुमानत नाही, शिक्षा करूनही सुधारत नाही. मग आईबापांनी त्याला धरावं, गावच्या वेशीवर वडीलधाऱ्यांपुढे आणावं, आणि सांगावं की हा आमचा मुलगा बंडखोर आहे, आमच्या आवाजाला ऐकत नाही, खादाड आहे, पितो. मग गावातल्या सगळ्या पुरुषांनी दगड मारून त्याचा जीव घ्यावा.

अंगावर काटा येतोच. पण त्या काळात हे ठेवून बघा. रोममध्ये बापाला पोराच्या जिवावर कायदेशीर हक्क होता, विचारणारं कोणी नाही. बाबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यात बापावर हात उचलणाऱ्या मुलाचा हातच तोडायचा होता. तोरा म्हणते की बापाने एकट्याने काही करायचं नाही, आईला बरोबर घ्यायचं आणि चारचौघांसमोर वेशीवर यायचं. म्हणजे लगाम मूळ ओळींमध्येच थोडासा आहे. रब्बींनी तो पुढे एवढा आवळला की घोडा जागचा हललाच नाही.

तीन शब्द आधी समजून घेऊ

रब्बी म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचे जाणकार, पुजारी नव्हेत, आपल्याकडच्या शास्त्र्यांसारखे. इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, त्यानंतर धर्माची सूत्रं हळूहळू या लोकांकडे आली. त्यांच्यात तोंडी चालत आलेले नियम आणि वाद इ.स. 200 च्या सुमारास एकत्र बांधले गेले, ती मिश्ना. आणि मिश्नावर पुढची तीन-चारशे वर्षं जो काथ्याकूट झाला तो म्हणजे ताल्मुद. आपली ही केस ताल्मुदच्या सान्हेद्रिन नावाच्या भागात आठव्या प्रकरणात येते. सान्हेद्रिन म्हणजे न्यायालय. बस, यापुढे अवघड शब्द नाही.

रब्बींची पद्धत: मेडिक्लेमवाल्यासारखी, फक्त उलटी

दोन वर्षांपूर्वी वडिलांना चक्कर आली म्हणून ॲडमिट केलं. सकाळी 10 ला आत, दुसऱ्या दिवशी साडेआठला डिस्चार्ज. क्लेम टाकला तर परत आला, का तर पॉलिसीत 24 तास लिहिलंय आणि आमचे भरले साडेबावीस. मी फोनवर खूप आवाज चढवला, पण समोरची मुलगी शांतपणे एकच सांगत राहिली, सर, शब्द वाचा.

रब्बींनी तेच केलं. तोरातला एकही शब्द खोडायची त्यांना परवानगी नाही, कारण त्यांच्या लेखी तो देवाचा शब्द. मग त्यांनी प्रत्येक शब्द पॉलिसीसारखा धरला. कंपनी पैसे द्यावे लागू नयेत म्हणून शब्द धरते, यांनी धरले ते कोणाचा जीव घ्यावा लागू नये म्हणून. आता एकेक शब्द बघू.

"मुलगा" म्हणजे कोण

मुलगा लिहिलंय, म्हणून मुलगी सुटली. मुलगा लिहिलंय, म्हणजे दाढीमिशा आलेला बाप्या नाही, तोही सुटला. आणि लहान पोराला धर्माचे नियमच लागू नसतात, म्हणून तोही सुटला. मग उरलं कोण? तेरा वर्षं पूर्ण झाल्यावर अंगावर मोठेपणाचे पहिले दोन केस दिसल्यापासून ते दाढी पूर्ण येईपर्यंतचा मुलगा. (मिश्ना स्वतःच सांगते की दाढी म्हणजे चेहऱ्यावरची नव्हे हो, खालची, पंडितांनी फक्त सभ्य भाषा वापरली.) ताल्मुदमध्ये एक रब्बी आणखी पुढे जातात, मुलगा म्हणजे जो अजून बाप म्हणवून घ्यायच्या लायकीचा झालेला नाही तो, आणि त्यावरून गर्भ दिसू लागण्याचा वगैरे हिशोब करून ते म्हणतात की या गुन्ह्याची एकूण मुदत आयुष्यात फक्त तीन महिने.

तीन महिने! आमच्याकडे दहावीच्या सुट्टीत पोरं त्याहून जास्त दिवस तोंड वर करून बोलतात.

"खादाड, पिणारा" म्हणजे नेमकं किती

इथे तर कमाल आहे. मिश्ना म्हणते त्याने एक तारतेमार मांस खाल्लं पाहिजे आणि अर्धा लॉग इटालियन वाइन प्यायली पाहिजे. लॉग म्हणजे सहा अंडी मावतील एवढं माप, म्हणजे अर्धा लॉग तीन अंड्यांएवढा, एखादा ग्लास धरा. आणि तारतेमार किती? ताल्मुदमध्ये झेरा नावाचे रब्बी सरळ कबूल करतात की हे तारतेमार काय असतं मला माहीत नाही, पण दुसरे रब्बी योसे यांनी वाइन दुप्पट सांगितलीय तर मांसही दुप्पट सांगितलं असणार, योसेंचं माप एक माने, म्हणजे तारतेमार अर्धा माने. आजच्या मापात अंदाजे दोनशे ग्रॅम. मला हा प्रसंग फार आवडतो, माणसाच्या जिवाचा प्रश्न आणि न्यायाधीश त्रैराशिक मांडून वजन काढतोय, पण माहीत नसलेलं माहीत नाही म्हणतोय.

बरं, एवढं खाऊन भागत नाही. मांस स्वस्तात घेतलेलं हवं, चोर घाईत खातात तसं अर्धंकच्चं हवं, सोबत सगळे टवाळच बसलेले हवेत. धार्मिक कार्याचं जेवण असेल तर मोजायचं नाही. मांस सोडून दुसरं काहीही कितीही हादडलं तरी गुन्हा नाही, वाइन सोडून दुसरं काहीही ढोसलं तरी नाही. आणि ते मांस धर्माने निषिद्ध असेल तर? तर तो सुटला! कारण आईबाप म्हणतायत "आमच्या आवाजाला ऐकत नाही", हा तर देवाच्याच आवाजाला ऐकत नाही, म्हणजे केस वेगळी.

पैशाचंही तसंच. बापाचे पैसे चोरून बापाच्याच घरात खाल्लं तर नाही, परक्याचे चोरून परक्याकडे खाल्लं तरी नाही. बापाचे चोरायचे आणि खायचं परक्याच्या जागेत, तरच. त्यांचं लॉजिक असं की बापाचा खिसा हाताशी असतो म्हणून चोरी सोपी, आणि बाहेर खाताना बापाची भीती नसते, म्हणून सवय लागते ती याच जोडीने. एक रब्बी म्हणतात आईचेही चोरले पाहिजेत. त्यावर लगेच दुसरा प्रश्न, बायकोच्या हाती आलेलं कायद्याने नवऱ्याचंच, मग आईचे वेगळे पैसे आणायचे कुठून? मग त्याचं उत्तर शोधण्यात पुढच्या ओळी जातात.

आई आणि बाप, एका आवाजात

बापाची तयारी आहे पण आई नको म्हणते, केस बाद. आईची तयारी आहे, बाप नको म्हणतो, बाद. दोघांनी नंतर माफ केलं तरी बाद. आणि मग तोरातलं प्रत्येक क्रियापद घेऊन मिश्ना आईबापांची जणू मेडिकलच करते. "धरावं" म्हणजे दोघांना हात हवेत. "वेशीवर आणावं" म्हणजे दोघांपैकी लंगडं कोणी नको. "सांगावं" म्हणजे मुकं नको. "हा आमचा मुलगा" असं बोट दाखवायचं तर आंधळं नको. "आमच्या आवाजाला ऐकत नाही" हे कळायला बहिरं नको.

शेवटचा घाव घातला रब्बी यहुदा यांनी. मूळ हिब्रूत आईबाप "आमच्या आवाजाला" म्हणतात ते एकवचनात आहे, आवाजांना असं नाही. म्हणजे दोघांचा आवाज एकच पाहिजे. आणि आवाज सारखा तर रूपही सारखं, उंचीही सारखी. आता असं जोडपं आणा शोधून, नवराबायको ज्यांना फोनवर ओळखता येत नाही, दिसतात जुळ्यांसारखे आणि उंचीही अगदी सारखी.

हे सगळं जमलंच तरी पहिल्या वेळी तिघा न्यायाधीशांसमोर ताकीद आणि फटके. परत तेच केलं तर तेवीस न्यायाधीश, आणि त्यात ते पहिले तिघे हजर असलेच पाहिजेत. मधल्या काळात निकालाआधी पोरगा पळाला आणि दाढी येईपर्यंत लपून बसला तर विषय संपला.

मग सरळ रद्दच का नाही केला?

हा प्रश्न ताल्मुदनेच विचारलाय. तिथे स्पष्ट म्हटलंय की असा बंडखोर मुलगा कधी झाला नाही आणि कधी होणारही नाही. मग लिहिलं कशाला? तर अभ्यास करा आणि त्याचं फळ मिळवा. रब्बी शिमोन आणखी रोखठोक, एवढंसं मांस खाल्लं आणि एवढीशी वाइन प्यायला म्हणून कुठले आईबाप पोटच्या पोराला दगडांपुढे उभं करतील हो?

मला विचाराल तर हे शिमोनचं वाक्य या सगळ्याची किल्ली आहे. यहुदा व्याकरणातून पोचले, शिमोन आईबापाच्या काळजातून, आणि दोघं एकाच जागी आले. काही अभ्यासक म्हणतात की आधी व्याकरण होतं, निष्कर्ष आपोआप निघाला. काही म्हणतात की निष्कर्ष आधी ठरलेला होता. मला दुसरं जास्त पटतं, कारण नवराबायकोची उंची सारखी हवी हे कोणी सहज वाचता वाचता काढत नाही.

ही तर पळवाट झाली, असं कोणी म्हणेल

म्हणू दे. पण पळवाट नसली की काय होतं हे बघायला हेरोदकडे जाऊ. हा यहुदियाचा राजा. इ.स.पूर्व 7 च्या सुमारास त्याने अलेक्झांडर आणि अरिस्टोब्युलस या आपल्याच दोन मुलांवर कटाचा आरोप ठेवून बैरुतमध्ये खटला चालवला. जोसेफस हा इतिहासकार लिहितो की तिथे हेरोदने आपल्या देशाच्या कायद्याचा दाखला दिला, आईबापांनी आरोपीच्या डोक्यावर हात ठेवला की जमलेल्यांनी दगड मारलेच पाहिजेत, असा. म्हणजे आपल्याच चार ओळी, थोड्या वाकवून. दोन्ही मुलांना पुढे गळा आवळून मारलं.

आता रब्बींची चाळणी लावा. मुलं लग्न झालेली, स्वतः बाप झालेली, म्हणजे "मुलगा" नाहीत. आणि आईची संमती? आई मरियम्ने, तिला हेरोदनेच वीसेक वर्षांपूर्वी ठार मारवलं होतं. मिश्नापुढे ही केस पहिल्याच पायरीवर उडाली असती. ज्यांना पळवाट म्हणायचंय त्यांनी म्हणावं, मला हे हेरोदसारख्यांच्या हाताला घातलेलं कुलूप वाटतं.

यांच्या हातात सत्ताच नव्हती, दया दाखवायला काय जातं?

हा आक्षेप खरा आहे आणि टाळू नये. ताल्मुदच सांगतं की मंदिर पडायच्या चाळीस वर्षं आधीपासून मृत्युदंडाचे खटले बंद झाले होते. म्हणजे रब्बी हे सगळं लिहीत होते तेव्हा कोणाला मारायचा अधिकार रोमनांकडे, यांच्याकडे फक्त चर्चा. पण नुसत्या चर्चेतही त्यांच्यात एकमत नव्हतं. मिश्नात दुसऱ्या ठिकाणी येतं की सात वर्षांतून एकाला मृत्युदंड देणारं न्यायालय खुनशी म्हणायचं, एक रब्बी म्हणतात सात नाही, सत्तर वर्षांतून एकाला. तारफोन आणि अकिवा म्हणतात आम्ही न्यायालयात असतो तर कोणालाच कधी मारलं नसतं. आणि त्यावर शिमोन बेन गामलिएल (मघाचे शिमोन नव्हेत, हे दुसरे) फटकारतात, मग तुम्ही इस्रायलात खुनी वाढवले असते. मृत्युदंड हवा की नको यावर आजही चहाच्या टपरीवर हीच दोन वाक्यं ऐकू येतात.

पुढे गुन्हा करेल म्हणून आजच शिक्षा?

मिश्नातलं एक वाक्य मला अजून टोचतं. मुळात दोनशे ग्रॅम मांसासाठी मरणाची शिक्षा का, याला तिचं उत्तर असं की त्याचा निवाडा त्याच्या शेवटावरून होतो. ताल्मुद ते उलगडून सांगतं, आज घरात चोरतोय, उद्या घरचं संपलं की चौकात उभा राहून वाटसरूंना लुटेल, माणसं मारेल. त्यापेक्षा निर्दोष असतानाच मेलेला बरा.

आपल्याकडे सणासुदीला किंवा निवडणुकीआधी पोलीस काही लोकांना तडीपार करतात, पुढे काही करतील म्हणून आधीच जिल्ह्याबाहेर. त्याच विचाराचं हे टोक. पण गंमत म्हणजे ताल्मुद दुसऱ्या जागी बरोब्बर उलटं सांगतं. तोरातल्या एका गोष्टीत वाळवंटात तहानेने मरायला टेकलेल्या इश्माएल नावाच्या मुलाला देवाने पाणी दिलं, तो पुढे काय करेल ते न बघता, कारण माणसाचा निवाडा तो त्या क्षणी जसा आहे त्यावरून होतो. ही दोन वाक्यं एका घरात कशी नांदतात यावर पुढच्या भाष्यकारांनी पानंच्या पानं भरलीत. माझं कोणत्याच उत्तराने समाधान झालेलं नाही.

आणि तो थडग्यावर बसलेला माणूस

असा मुलगा कधी झालाच नाही, हे म्हटल्यावर त्याच पानावर रब्बी योनातान म्हणतात, मी पाहिलाय त्याला, आणि मी त्याच्या थडग्यावर बसलोय.

एवढंच. कुठे, कधी, कोण, काही नाही. आणि ताल्मुदने ते वाक्य खोडलेलं नाही, तसंच ठेवून पुढे गेलं. म्हणून त्या सगळ्या अटी लबाडीनेच रचल्या होत्या असं छातीठोक म्हणायला गेलं की हा माणूस थडग्यावर बसलेला दिसतो. 12व्या शतकात मायमोनिडीस या मोठ्या ज्यू पंडितानेही आपल्या कायद्याच्या मोठ्या संहितेत या मुलावर अख्खं प्रकरण लिहिलं, अटींसकट, चालू कायदा असावा तसं.

ज्यांनी रब्बींना विचारलं नाही ते

1646 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या कडव्या ख्रिश्चनांनी याच चार ओळी उचलून कायदा केला, सोळा वर्षांवरचा हट्टी मुलगा आईबापांनी कोर्टात आणला तर मृत्युदंड. मिश्ना नाही, तारतेमार नाही, सरळ ओळींवरून. त्याखाली कोणाला मारल्याची नोंद मात्र नाही, आईबाप तिथेही आईबापच. मृत्युदंडाची तरतूद पुढे काढली गेली तरी हट्टी पोरांचा तो कायदा सौम्य रूपात 1973 पर्यंत पुस्तकात होता.

आपल्या कोकणात

अलिबाग, रेवदंडा भागातले बेने इस्रायल, ज्यांना लोक शनिवार तेली म्हणायचे, मराठी बोलणारे ज्यू, त्यांच्या सिनेगॉगमध्येही (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) तोरा वर्षभरात भाग पाडून वाचतात, अलिबागच्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग अजून उभं आहे. या चार ओळी ज्या भागात येतात तो साधारण ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात येतो. आणि ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाला की बार मित्झवा होते, मुंजीसारखं समजा, त्या आठवड्याच्या भागातलं त्याने बहुधा सगळ्यांसमोर वाचायचं असतं. म्हणजे त्या दिवसांत जन्मलेल्या कुठल्याही ज्यू मुलाच्या वाट्याला नेमक्या याच ओळी येऊ शकतात. नुकताच तेरा पूर्ण, म्हणजे ते तीन महिने जेमतेम सुरू होणार, आणि हा आईबापांपुढे उभा राहून बंडखोर मुलाचं काय करायचं ते खणखणीत आवाजात वाचतोय. नंतर जेवण असतं, मटण असतं, वाइनही असते, पण ते धार्मिक कार्याचं जेवण, त्यामुळे मोजत नाहीत.